गेममधलं धनुष्य खोटं का वाटतं?

जंगलात तगून राहण्याचे गेम सध्या मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर जोरात चालतात. खेळाडू रिकाम्या हाताने जंगलात उतरतो, आधी दगड उचलतो, मग काठीचा भाला करतो, मग धनुष्य, आणि शेवटी त्याच्या हाती बंदूक येते. प्रत्येक शस्त्रापुढे एक आकडा लिहिलेला असतो: भाला १५, धनुष्य २५, बंदूक ९०. जनावराच्या डोक्यावरची लाल पट्टी तेवढ्याने कमी होते आणि संपली की जनावर आडवं.

असे गेम बनवू पाहणारी मुलं आता कोल्हापुरातही आहेत. दाजीपूर, राधानगरी, गगनबावडा हा पट्टा तर अशा गेमला अगदी साजेसा: गवे, सांबर, रानडुक्कर, बिबट्या, अस्वल, दाट धुकं आणि महिनोन्महिने न थांबणारा पाऊस. पण शस्त्रांची यादी परदेशी गेममधून जशीच्या तशी उचलली, तर ती या जंगलात टिकत नाही. राधानगरी हे अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे, तेव्हा हे सगळं पडद्यावरच करायचं. पण पडद्यावर करायचं म्हणून भौतिकशास्त्र सोडून द्यायचं कारण नाही.

सुरुवात दगडापासून. सह्याद्रीच्या माथ्यावर जांभा आणि त्याखाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. जांभा सच्छिद्र असतो, त्याला धार धरत नाही. बेसॉल्ट घासून कुऱ्हाडीचं पातं होतं, पण बाणाच्या टोकाला लागते तशी पातळ, वस्तऱ्यासारखी कपची त्यातून सहसा उडत नाही, कारण त्याचे कण त्यामानाने भरड असतात. कपची नीट उडायला दगड काचेसारखा एकजीव लागतो. तसे दगड आपल्याकडे म्हणजे गारगोटी आणि अकीक. लाव्हा थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका साचली, आणि भोवतालचा बेसॉल्ट झिजल्यावर हे गोटे सुटून ओढ्यांत आले. दख्खनच्या पठारावर अश्मयुगातली बोटाच्या पेराएवढी पाती सापडतात, त्यांतली बरीच याच जातीच्या दगडांची आहेत. म्हणून गेममध्ये खेळाडूला धारेचा दगड कुठल्याही खडकावर मिळू नये. तो ओढ्याच्या पात्रात शोधावा लागावा.

भाल्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जर्मनीत शोनिंगेन इथे १९९०च्या दशकात सापडलेले लाकडी भाले दोन-तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत, म्हणजे यादीत तो पहिला हवाच. एक स्थानिक भर मात्र जरूर घालावी. आपल्या मर्दानी खेळातला विटा, म्हणजे मनगटाला दोरीने बांधलेला फेकायचा भाला. फेकून मारायच्या हत्याराची मोठी अडचण ही की एकदा फेकलं की हात रिकामा. दोरीने ती सुटते, पण पल्ला दोरीच्या लांबीएवढाच राहतो. दाट झाडीत दोरी अडकते हेही गेममध्ये दिसलं पाहिजे.

आता धनुष्य. आपल्या भागात ते बांबूचं. आजरा, चंदगड, भुदरगडकडे बांधाबांधाला असणारा माणगा त्यासाठी उत्तम, कारण तो जवळजवळ भरीव असतो. बांबूचे चिवट धागे सालीलगत सर्वांत दाट असतात. धनुष्य ओढलं की त्याची बाहेरची, म्हणजे लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. म्हणून साल बाहेरच्या बाजूला ठेवायची आणि तासायचं ते आतून. सालीवरून कोयता फिरवला किंवा पेरं सपाट करायला गेलं की नेमका ताण पेलणारा थर कापला जातो आणि धनुष्य तिथूनच मोडतं. लांबी बाणाच्या ओढीच्या दुपटीहून थोडी जास्त ठेवायची: ७१ सेंटिमीटर ओढ असेल तर साधारण १६० ते १७० सेंटिमीटर. तासताना घाई केली की काम बिघडतं, कारण ताठरपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी दहा टक्क्यांनी कमी झाली की ताठरपणा २७ टक्क्यांनी घटतो. एका बाहूवर, म्हणजे मुठीच्या एका बाजूच्या भागावर, दोन फटके जास्त बसले की तोच बाहू जास्त वाकतो आणि ताण त्याच्यावर येतो.

ओला बांबू तर चालतच नाही. तो वाकतो आणि वाकलेलाच राहतो. सावलीत वाळवून ओलावा दहा-बारा टक्क्यांवर आणावा लागतो. पावसाळ्यात गगनबावड्याच्या हवेत आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते, आणि अशा हवेत ठेवलेलं लाकूड आपोआप वीस टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतं. तेवढ्याने ताठरपणा दहा-पंधरा टक्क्यांनी उतरतो. शिंग, स्नायूतंतू आणि सरस यांचं मध्य आशियाई धनुष्य कोरड्या गवताळ प्रदेशात अप्रतिम आहे. इथल्या जुलैत त्याचा सरसच सुटेल. गेममध्ये ते 'सर्वोत्तम धनुष्य' म्हणून ठेवायचं असेल, तर मृग ते हस्त या काळात ते हाताबाहेर गेलंच पाहिजे.

पण धनुष्याचं खरं मर्म पुढेच आहे, आणि बहुतेक गेम नेमके तिथे चुकतात. गेममध्ये बाण हलका केला की वेग वाढतो आणि वेगाबरोबर 'ताकद' वाढते. प्रत्यक्षात हलका बाण धनुष्याची ताकद वाया घालवतो.

४० पौंडांचं धनुष्य घ्या. पूर्ण ओढल्यावर दोरी बोटांना ४० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १८ किलोच्या जोराने खेचते. न्यूटनमध्ये हा जोर १७८. ओढायला सुरुवात करताना जोर शून्य, शेवटी १७८, सरासरी ८९. ७१ सेंटिमीटरची ओढ मुठीपासून मोजतात आणि दोरी आधीच मुठीपासून थोडी दूर असते, म्हणून दोरी मागे येते साधारण अर्धा मीटर. बल गुणिले अंतर, म्हणजे जवळजवळ ४५ ज्यूल ऊर्जा वाकलेल्या बांबूत साठली. हीच शिल्लक. बाण कुठलाही लावा, ती ४५च राहणार.

आता दोरी सोडली. बाण एकटा पुढे जात नाही. दोरी पुढे जाते, बाहूंची टोकंही पुढे झेपावतात. त्यांनाही वेग द्यावा लागतो, आणि तो याच ४५ ज्यूलमधून. मुठीजवळचा भाग जेमतेम हलतो, टोकं वेगाने धावतात, दोरीचा मध्य सर्वांत जास्त. प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लॉपस्टेग यांनी १९४०च्या दशकात हा गुंता फार सुंदर सोडवला. ते म्हणाले, असं समजा की बाणाला मागून एक न दिसणारं वजन चिकटलं आहे आणि ते बाणाच्याच वेगाने धावतं आहे. याला आभासी वस्तुमान म्हणू. बाण बदलला तरी एका धनुष्यासाठी हा आकडा जवळपास तोच राहतो. त्यात घर्षणासारखी बारीकसारीक गळतीही सामावून जाते.

आपल्या धनुष्यासाठी तो १६ ग्रॅम धरू. मग ४५ ज्यूल बरोबर अर्धं गुणिले (बाण अधिक १६ ग्रॅम) गुणिले वेगाचा वर्ग. २० ग्रॅमचा बाण लावला तर एकूण ३६ ग्रॅम, वेग सेकंदाला ५० मीटर. बाणासोबत २५ ज्यूल गेले, २० ज्यूल धनुष्यात राहिले. ३४ ग्रॅमचा बाण लावला तर वेग उतरून ४२.४ मीटर, पण बाणात ३१ ज्यूल गेले आणि मागे १४ राहिले. ८४ ग्रॅमचा दांडगा बाण केला तर वेग फक्त ३०, बाणात ३८, मागे ७.

मागे राहिलेल्या ऊर्जेचं काय होतं? ती बाहूंच्या थरथरीत, हाताला बसणाऱ्या झटक्यात आणि आवाजात जाते. म्हणून हलक्या बाणाने धनुष्य खणखणतं आणि जड बाणाने शांत राहतं. आता बाणाचं वजन शून्य करा, म्हणजे बाण न लावताच दोरी सोडा. ४५च्या ४५ ज्यूल बाहूंवर आणि दोरीवर आदळतात. धनुष्य तडकतं किंवा दोरी तुटते. धनुर्विद्येच्या कुठल्याही प्रशिक्षणात रिकामी दोरी सोडू नका हे पहिल्याच दिवशी बजावतात, त्यामागे हे गणित आहे. याच सूत्रातून दुसरंही निघतं: या धनुष्यातून पिसाएवढा हलका बाण सोडला तरी वेग सेकंदाला ७५ मीटरच्या वर जाऊच शकत नाही, कारण ते १६ ग्रॅम कायम सोबत आहेत.

हे १६ ग्रॅम मोजता येतात. एकाच धनुष्यातून, तेवढीच ओढ ठेवून, दोन वेगळ्या वजनांचे बाण सोडा आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दोघांचा वेग काढा. प्रत्येक बाणाचं वजन त्याच्या वेगाच्या वर्गाने गुणा. जड बाणाच्या गुणाकारातून हलक्याचा वजा करा आणि आलेल्या उत्तराला वेगांच्या वर्गांमधल्या फरकाने भागा. वरच्या आकड्यांत ३४ गुणिले १८०० म्हणजे ६१२००, २० गुणिले २५०० म्हणजे ५००००. फरक ११२००. भागिले ७००. उत्तर १६. गेम बनवणाऱ्याने प्रत्येक धनुष्याला 'ताकदी'चा आकडा देण्याऐवजी साठलेली ऊर्जा आणि आभासी वस्तुमान असे दोनच आकडे द्यावेत. बाकी सगळं आपोआप बरोबर येतं. दोरीचाही त्यात वाटा आहे: दोरीच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा आभासी वस्तुमानात मिळतो. तागाची जाड, १५ ग्रॅमची दोरी वळली तर ५ ग्रॅम तिथेच गेले. बारीक वळावी तर तुटण्याची भीती, कारण बाण सुटून दोरी ताठ होते त्या क्षणी तिच्यावर ओढीच्या कित्येक पट ताण येतो. किमान चौपट जोर सोसेल अशी दोरी हवी, म्हणजे इथे सुमारे ७३ किलो.

आता बंदुकीशी तुलना. पॉइंट २२ रायफलची गोळी २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास, ऊर्जा १४० ज्यूल. बाणाच्या चौपटीहून जास्त. पण संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, काढला तर गोळीचा ०.८६ आणि ३४ ग्रॅमच्या बाणाचा १.४४. गोळी आणि बाण यांची जखमच वेगळ्या जातीची. बाण कापत जातो, रक्तस्राव होतो, आणि जनावर जागीच कोसळत नाही, दूर पळतं. लाल पट्टीचा गेम हे दाखवू शकत नाही. त्याऐवजी रक्ताचा माग काढावा लागणं हेच वास्तव. आणि हजार किलोच्या आसपास जाणाऱ्या नर गव्यासमोर ३१ ज्यूल घेऊन उभं राहणं म्हणजे मरण, हेही.

बाण सरळ रेषेत जात नाही हे तर काही गेम विसरतात. ३० मीटरवरच्या सांबरापर्यंत आपला बाण ०.७ सेकंदात पोचतो आणि तेवढ्यात अडीच मीटर खाली येतो. दोरीचा आवाज मात्र ०.०९ सेकंदात पोचलेला असतो. सांबराला दचकून जागा सोडायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ मिळतो. खरे शिकारी वीस मीटरच्या आत का जात, ते यातून कळतं.

गोफण गेममध्ये क्वचितच दिसते, हे मला पटत नाही. रब्बीत शाळू हुरड्याला आला की पाखरं राखायला आजही ती शेतात निघते. ६० ग्रॅमचा गुंडा सेकंदाला ३० मीटरने सुटला तर २७ ज्यूल, म्हणजे धनुष्याच्या बरोबरीने, आणि दारूगोळा ओढ्यात फुकट. मग ती मागे का पडली? नेमामुळे. हात आणि गोफण मिळून त्रिज्या दीड मीटर धरली तर सुटण्याच्या क्षणी गोफण सेकंदाला २० रेडियन फिरत असते (एक रेडियन म्हणजे सुमारे ५७ अंश). दोरीचं टोक एक हजारांश सेकंद उशिरा सुटलं तर दिशा एका अंशाहून थोडी जास्त चुकते, आणि ३० मीटरवर गुंडा ६० सेंटिमीटर बाजूला जातो. गेममध्ये गोफणीचं कौशल्य म्हणजे हाच हजारांश. शिवाय फिरवायला भोवती मोकळी जागा हवी. कारवीच्या जाळीत ती निकामी.

एक गोष्ट मात्र यादीत नको. काही जण गेमला 'गावरान रंग' यावा म्हणून मंतरलेले बाण, मूठ मारणं, भानामती असली अस्त्रं घालतात. कल्पनारम्य गेममध्ये ती खुशाल असोत, पण वास्तववादी म्हणवणाऱ्या गेममध्ये मूठ मारून माणूस मरतो असं दाखवणं घातक आहे. याच गोष्टीच्या नावाखाली आपल्याकडे माणसांना मारहाण झाली आहे, आणि महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला तो उगीच नव्हे.

आधुनिक शस्त्रांत कंपाउंड धनुष्य पहिलं. अमेरिकेत होलेस विल्बर ॲलन यांना त्याचं पेटंट १९६९ साली मिळालं. टोकांवरच्या लंबगोल चाकांमुळे जोर सुरुवातीलाच चढतो, बराच काळ टिकतो आणि शेवटी एकदम उतरतो. त्यामुळे तेवढ्याच कमाल जोरात साध्या धनुष्याहून बरीच जास्त ऊर्जा साठते आणि नेम धरताना हात थरथरत नाही. अडचण दुरुस्तीची. दोरी बदलायला बाहू दाबून धरणारं यंत्र लागतं, ते जंगलात नसतं.

ठासणीच्या बंदुकीत दारू भिजली की बार उडत नाही, इथल्या पावसाळ्यात हे रोजचंच. बारा बोअरचं काडतूस ओलावा बरंच सोसतं आणि सुमारे अडीच हजार ज्यूल देतं, पण ते संपलं की बनवता येत नाही. शिवाय दीडशे डेसिबलच्या आसपासचा आवाज सगळी दरी उठवतो.

आणि ज्याला गेममध्ये शस्त्र मानतच नाहीत तो कोयता. बांबू तोडायला, चिरायला, धनुष्य तासायला, वाट काढायला तोच. बहुतेक गेममध्ये हत्यार ठरावीक घावांनंतर नाहीसं होतं. खरा कोयता नाहीसा होत नाही, बोथट होतो. बारीक कणांच्या ओल्या दगडावर दोन्ही बाजूंनी मिळून तीसेक अंशांचा कोन धरून घासला की पुन्हा चालतो. कोन फार लहान केला तर बांबूच्या पेरावर धार दुमडते, फार मोठा केला तर घाव आत शिरत नाही, उसळतो.