दहा रॉडांचा तुकडा आणि त्याचे निम्मे : पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये अलॉटमेंट, म्हणजे घरची भाजी पिकवायला बहुधा नगरपालिकेकडून भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, हाती आली की पहिला प्रश्न आखणीचा असतो. कुठे काय लावायचे, कशानंतर काय घ्यायचे? त्यावर जो ठरावीक आराखडा पुढे केला जातो, त्यात जमिनीचे तीन पट्टे, तीन वर्षांची फेरपालट, टोकाला शेड आणि खताचा खड्डा, कडेला ऱ्हुबार्ब (आंबट देठांची भाजी) असे सगळे असते. हा आराखडा मुळात ९० फूट लांब आणि ३० फूट रुंद जमिनीसाठी बेतलेला आहे. नव्याने येणाऱ्याला आज बहुतेक ठिकाणी त्याच्या निम्मी जमीन मिळते, काही ठिकाणी पावच. आराखडा एका मापाचा आणि जमीन दुसऱ्या मापाची, हे कसे झाले त्याची ही हकिकत.

९० बाय ३० फूट म्हणजे ढोबळमानाने दहा चौरस रॉड, मीटरमध्ये सुमारे २५० चौरस मीटर. बऱ्याच नगरपालिका भाडे अजूनही रॉडवर लावतात. एक रॉड साडेसोळा फुटांचा आणि आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फुटांचा, म्हणून चार चौरस रॉडांचा एक गुंठा नेमका होतो. दहा रॉड म्हणजे अडीच गुंठे. सातबारा वाचलेल्या माणसाला हे माप लगेच डोळ्यांसमोर येईल.

एकोणिसाव्या शतकातली अलॉटमेंट याहून मोठी असे आणि तिच्यावर भाजी दुय्यम होती. सामायिक कुरणे कायद्याने कुंपणात गेली, मजुरांचा चारा-सरपण तुटले, १८३० मध्ये इंग्लंडच्या दक्षिण भागात मळणीयंत्रे फोडली गेली, आणि मग जमीनदार व पाद्री मंडळींना मजुराला थोडी जमीन देणे शहाणपणाचे वाटू लागले. १८४५ च्या कायद्याने अशा तुकड्याला पाव एकराची मर्यादा घातली. त्याहून जास्त दिली तर मजूर मालकाच्या कामाला कमी पडेल, अशी भीती तेव्हा उघड बोलून दाखवली जाई. तुकड्याच्या एका अर्ध्यात बटाटा, दुसऱ्यात गहू, पुढच्या वर्षी उलट. गव्हाचा पेंढा डुकराखाली, डुकराचे खत बटाट्याला. फेरपालट तेव्हा दोन खणांची होती आणि ती भाडेकराराच्या अटींमध्ये लिहिलेली असे. रविवारी काम करायचे नाही, नांगर घालायचा नाही, फावड्यानेच खणायचे, अशा अटीही त्याच कागदावर असत.

पुढचे कायदे वेगाने आले. १८८७ मध्ये स्थानिक संस्थांवर असे तुकडे पुरवण्याची पहिली जबाबदारी आली. १९०८ च्या कायद्याने ती पक्की केली. गावातल्या सहा मतदारांनी लेखी मागणी केली की संस्थेला ती विचारात घ्यावीच लागते. हे कलम इंग्लंड-वेल्समध्ये अजून जिवंत आहे. १९२२ मध्ये ‘अलॉटमेंट गार्डन’ची व्याख्या झाली: क्षेत्र ४० रॉडांहून जास्त नाही आणि लागवड पूर्णतः वा मुख्यतः स्वतःच्या कुटुंबाच्या भाजी-फळांसाठी. चाळीस रॉड म्हणजे तोच जुना पाव एकर. १९२५ मध्ये संस्थेने याच कारणासाठी घेतलेली जमीन मंत्र्याच्या संमतीशिवाय विकायला बंदी आली. दुसऱ्या कारणासाठी, समजा पुढे दफनभूमी करायची म्हणून, घेतलेल्या जमिनीवर तुकडे पाडले असतील तर ते ‘तात्पुरते’ ठरतात, मग तिथे तीन पिढ्यांनी लीक (कांद्याच्या जातीची पातीची भाजी) का लावले असेनात.

या सगळ्यात दहा रॉड कुठेच लिहिलेले नाहीत. कायद्याने वरची मर्यादा दिली, खालची दिली नाही. दहा रॉड हे रूढीने आलेले माप आहे. कामावरून परतलेला माणूस संध्याकाळी आणि शनिवारी जेवढे खणू शकतो आणि ज्यातून चौघांची भाजी निघते, तेवढी ही जमीन. पहिल्या महायुद्धात ते माप शहरोशहरी पसरले. जर्मन पाणबुड्यांनी १९१७ च्या फेब्रुवारीपासून दिसेल ते जहाज बुडवायला सुरुवात केली आणि बागा, मैदाने, रेल्वेकडेच्या पट्ट्या दोऱ्या लावून मापल्या गेल्या. युद्ध संपता संपता तुकड्यांची संख्या दहा लाखांच्या बरीच पुढे गेली होती.

आजच्या आराखड्याचा खरा उगम मात्र दुसऱ्या युद्धातला. १९३९ च्या शरद ऋतूत घरोघरी भाजी पिकवण्याची सरकारी मोहीम सुरू झाली आणि पुढे ९० बाय ३० फुटांच्या तुकड्याचा छापील नकाशा घरोघरी पोहोचला. त्या नकाशाचे मी पाहिलेल्या कुठल्याही नंतरच्या पुस्तकातल्या नकाशाहून जास्त कौतुक करीन, कारण तो काय पिकवावे याच्या आधी कधी खायला मिळावे हा प्रश्न विचारतो. जुलै-ऑगस्टमध्ये कुणालाही भाजी मिळते. अडचण असते ती फेब्रुवारी ते मे या काळात. साठवलेला बटाटा कोंब टाकतो, गाजरे संपतात आणि नवीन पीक अजून वीतभरही वाढलेले नसते. म्हणून तीनपैकी एक अख्खा पट्टा हिवाळी-वासंतिक हिरव्या भाज्यांना दिला: ब्रसेल्स स्प्राउट्स, केल, सॅव्हॉय कोबी, स्प्राउटिंग ब्रॉकोली. दुसरा पट्टा बटाटा आणि कंदमुळांचा. तिसऱ्यात वाटाणा, घेवडे, कांदा आणि किरकोळ पिके. दरवर्षी प्रत्येक गट एक पट्टा सरकायचा. लवकरचा बटाटा निघाला की त्या सऱ्यांत लीकची रोपे.

कांद्याला त्या नकाशात मिळालेली जागा पाहून आज नवल वाटते, कारण कांदा स्वस्त आहे आणि जागा खातो. पण युद्धाआधी ब्रिटनचा बहुतेक कांदा ब्रिटनी आणि चॅनेल बेटांमधून यायचा. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला, बेटे जर्मनांच्या ताब्यात गेली आणि कांदा इतका दुर्मीळ झाला की सोडतीत बक्षीस म्हणून ठेवला जाऊ लागला. तो पट्टा त्या उन्हाळ्याची आठवण आहे. आज तो छापताना तेवढी टीप कुणी देत नाही. नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी सात टक्के असलेले एक खतही १९४२ मध्ये याच मोहिमेसाठी ठरवले गेले. ते आजही दुकानात ‘ग्रोमोर’ याच नावाने मिळते आणि ‘सर्वसाधारण खत’ म्हणून निमूटपणे टाकले जाते.

युद्धात तुकडे सुमारे १४ लाखांवर गेले. रेशनिंग १९५४ मध्ये संपले, त्यानंतर गळती लागली. गोठवलेला वाटाणा, मोटारगाडी, घरे बांधायला लागणारी जमीन, सगळ्यांनी आपापला वाटा घेतला. १९५० च्या कायद्याने दहा हजारांवर लोकसंख्या असलेल्या ठिकाणी संस्थेची जबाबदारी २० रॉडांपर्यंतच्या तुकड्यांपुरती आणली. कोंबड्या आणि ससे पाळण्याआड येणाऱ्या अटीही तेव्हाच रद्द झाल्या. १९६९ मध्ये एका प्राध्यापकाच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जाडजूड अहवाल दिला. युरोपातल्यासारखी नीटनेटकी, फुलझाडांची, छोट्या बंगलीची बाग करा, असा त्याचा सूर होता. कायदा काही झाला नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये तीन लाखांच्या आत तुकडे उरले आणि त्यातलेही बरेच ओस होते.

मग अचानक उलटे झाले. २००० नंतरच्या दशकात लोकांना पुन्हा जमीन हवीशी झाली आणि २०१० च्या सुमारास इंग्लंडमध्ये दर १०० तुकड्यांमागे पन्नासहून अधिक नावे प्रतीक्षायादीत होती. आजचा वाद इथून सुरू होतो.

यादी कमी कशी करायची? नवीन जमीन महाग. पण कायद्यात खालची मर्यादा नाही. तेव्हा एखादा तुकडा रिकामा झाला की त्याचे दोन करायचे आणि यादीतली दोन नावे काढायची. हे धोरण कुठे ठरावाने आले, कुठे जागेचा कारभार पाहणाऱ्या एखाद्या साइट-सेक्रेटरीच्या दोरी-खुंटीने. बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे बिनबुडाचे नाही. नोकरी करणाऱ्या जोडप्याला अडीच गुंठे झेपत नाहीत. दहा रॉड घेतलेला नवखा मे महिन्यात तणापुढे हात टेकतो, ऑगस्टमध्ये त्याला नोटीस येते आणि पुढच्याला गुडघाभर गवतासकट जमीन मिळते. पाच रॉड नीट ठेवणारा माणूस दहा रॉड पडीक ठेवणाऱ्यापेक्षा बरा. हल्ली अनेकांना भाजीचे वर्षभराचे कोठार नकोच असते. थोडे झुकिनी, टोमॅटो, सॅलड, रास्पबेरीची एक ओळ, लेस्टर-बर्मिंगहॅमकडे मेथी आणि कोथिंबीर. त्याला सव्वा गुंठा पुष्कळ झाला.

विरोधकांचा पहिला मुद्दा आकड्यांचा आहे. जमीन तेवढीच राहते आणि कागदावर तुकडे दुप्पट दिसतात, त्यामुळे नवीन जमीन घेण्याचे दडपण संस्थेवर राहत नाही. दुसरा असा की एकदा निम्मे केलेले सहसा पुन्हा जोडले जात नाही. दोन शेजारी एकाच वेळी सोडून जातील तेव्हा ना. हे दोन्ही मुद्दे राजकारणाचे म्हणून बाजूला ठेवता येतील. तिसरा मुद्दा भाजीचा आहे, आणि त्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते.

शेड, खताचे दोन खण, पाण्याचे पिंप, बसायला एक खुर्ची, या गोष्टी जमिनीच्या मापाने लहान होत नाहीत. त्यांना शंभर चौरस फूट धरा. २७०० चौरस फुटांत हा सत्ताविसावा भाग झाला. पाव तुकड्यात, ६७५ फुटांत, जवळजवळ सातवा. शिवाय वाटा. लांबीतून चिरला तर १५ फुटी चिंचोळी पट्टी मिळते आणि मध्ये ९० फुटांची वाट जाते. आडवा चिरला तर मागच्याला आत जायला कडेने वेगळी वाट लागते. ज्यांनी तुकडे असे चिरले त्यांनी हा हिशेब केला होता की नाही, कोण जाणे. जागेवर गेले की केलेला दिसत नाही.

फेरपालटीचे तर याहून बिकट. ती करायची कारणे दोन. एक, प्रत्येक गटाची भूक वेगळी: बटाट्याला भरपूर कुजलेले खत, कोबीवर्गाला चुना, वाटाणा-घेवड्याला फारसे काही नको आणि जाताना तो थोडे नत्र ठेवून जातो. हे कारण लहान वाफ्यातही टिकते. दुसरे, मातीतले रोग. कोबीच्या मुळांना गाठी आणणारा क्लबरूट मातीत वीसेक वर्षे राहू शकतो, कांद्याची पांढरी कुज तेवढीच चिवट, बटाट्यावरचे सूत्रकृमी त्यांच्या पुटीत वर्षानुवर्षे वाट पाहतात. तीन वर्षांच्या चक्राने यांचा नायनाट कधीच होत नव्हता. फक्त जोर कमी राहत होता, आणि तोही ३० फूट अंतरावर. पाव तुकड्यात पट्टे सात-आठ फुटांचे होतात. बुटाला, फावड्याला लागलेली माती तेवढे अंतर एका दुपारी कापते. तेव्हा त्या मापावर ‘तीन वर्षांची फेरपालट पाळा’ हा सल्ला निम्मा विधी आहे. खरी उपयोगाची गोष्ट म्हणजे आम्लधर्मी मातीत चुना घालणे, कोबीची रोपे आपल्या हाताने कुंडीत वाढवून मोठी करून लावणे, दुसऱ्याकडून मातीसकट रोपे न घेणे आणि मुख्य हंगामाचा बटाटा सरळ सोडून देणे.

बटाटा सोडणे हा लहान तुकड्यावरचा सर्वांत मोठा निर्णय ठरतो. मुख्य हंगामाचा बटाटा दोन सऱ्यांमध्ये अडीच फूट मागतो, वर ओल्या उन्हाळ्यात ऑगस्टमध्ये करपा येतो, आणि दुकानात तो स्वस्त आहे. लवकरचा घ्यावा, जुलैपर्यंत काढावा, जागा लीकला द्यावी. हिवाळी कोबीवर्गही तसाच जागा अडवतो: स्प्राउटिंग ब्रॉकोली मेमध्ये पेरली तर पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये हाती येते. दहा रॉडांत ते परवडत होते, कारण पट्टा वेगळा होता. अडीच रॉडांत चार झाडांवर थांबावे लागते, पण ती चार ठेवावीत. ती गेली की युद्धकालीन नकाशातला वसंत ऋतूचा विचारही गेला आणि उरली फक्त उन्हाळ्यातली झुकिनी.

चार फूट रुंदीचे कायम वाफे, दोन्ही बाजूंनी हात पोहोचेल असे, मध्ये पाय न ठेवता, ही पद्धत १९७० नंतर लोकप्रिय झाली ती काही निम्म्या तुकड्यांसाठी नव्हे. पण तिथे ती चांगली बसते, कारण हिशेब पट्ट्यांऐवजी वाफ्यांचा होतो आणि एकेक वाफा रिकामा झाला की लगेच पुढचे पीक घेता येते. न खणता वर कंपोस्टचा थर देण्याची चालही अशाच वाफ्यांवर रुजली, जरी तिचे पुरस्कर्ते १९४० च्या दशकातही होते आणि तेव्हा त्यांना कुणी फारसे विचारले नव्हते.

२०११ मध्ये स्थानिक संस्थांच्या जबाबदाऱ्यांचा सरकारी फेरआढावा झाला, त्यात १९०८ चे ते कलमही यादीत होते. ओरड झाली, कलम राहिले. इनर लंडनमधल्या बरोंना (तिथल्या विभागीय पालिकांना) ही जबाबदारी १९६३ च्या कायद्यापासूनच नाही, त्यांना फक्त अधिकार आहे. तुकड्याच्या किमान मापाबद्दल इंग्लंडमध्ये कायदा आजही गप्प आहे. स्कॉटलंडने २०१५ च्या कायद्यात वेगळी वाट धरली: अलॉटमेंट म्हणजे २५० चौरस मीटर, आणि त्याहून लहान द्यायची तर मागणाऱ्याच्या संमतीने. प्रतीक्षायादी एकूण तुकड्यांच्या निम्म्याहून वाढू नये आणि कुणी पाच वर्षांहून जास्त ताटकळू नये, यासाठी पावले उचलण्याचे बंधनही संस्थेवर घातले. तुकडे चिरून यादी छोटी दाखवण्याचा मार्ग तिथे त्यामुळे अरुंद झाला.