‘अँटिगनी’तली नाव, नाणे आणि जोखड

ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’त (इ.स.पू. ४४१च्या सुमारास) राजा क्रेऑन अँटिगनीच्या भावाचे प्रेत पुरायला बंदी घालतो आणि अँटिगनी ती मोडते. हा क्रेऑन रंगमंचावर येतो तोच नावेची भाषा बोलत. लाटांवर हेलकावणारे राज्य देवांनी पुन्हा सावरले, असे तो ओळ १६२–६३मध्ये म्हणतो. १८९–९०मध्ये राज्य हीच आपल्याला तारणारी नाव, ती नीट चालली तरच मित्र जोडता येतात, असा सिद्धान्त मांडतो. ७१५–१७मध्ये त्याचाच मुलगा हायमॉन ती नाव त्याच्यावर उलटवतो: जो शिडाची दोरी ताणूनच धरतो, जराही सैल सोडत नाही, त्याची नाव पालथी होते आणि वल्हेकऱ्यांची बाके उलटी होतात. अंध द्रष्टा टायरेसियस ९९४मध्ये बजावतो की आजवर माझे ऐकलेस म्हणूनच राज्य सरळ हाकलेस. आणि १२८४मध्ये, बायकोच्या मृत्यूची बातमी कानी पडल्यावर, क्रेऑन मृत्युलोकाच्या बंदराला हाक मारतो.

हा धागा आता महाविद्यालयाच्या वर्गातही दाखवतात. पण प्रतिमा अशी पात्रापात्रांतून फिरताना वाचायची पद्धत रुळली ती विसाव्या शतकात.

नाव स्वतः मात्र फार जुनी. इ.स.पू. ६००च्या सुमारास लेस्बॉस बेटावरच्या अल्कायस या ग्रीक कवीने वादळात सापडलेले जहाज वर्णिले: डोलकाठीच्या बुडाशी पाणी चढलेले, शीड इतके फाटलेले की आरपार दिसावे. हे तुकडे आपल्याला मिळतात ते होमरच्या रूपककथांवर लिहिणाऱ्या हेराक्लायटसमुळे (प्रसिद्ध तत्त्वज्ञ हेराक्लायटस वेगळा). हे वादळ म्हणजे मिर्सिलस या हुकूमशहाचे कारस्थान, असा खुलासाही तोच करतो. म्हणजे प्रतिमेमागचा अर्थ शोधण्याची हौस प्राचीनांना होतीच. फक्त तो अर्थ एका जागी सापडला की शोध संपायचा.

याचे बरेचसे श्रेय, किंवा दोष, अॅरिस्टॉटलकडे जातो. ‘पोएटिक्स’च्या २१व्या प्रकरणात त्याने रूपकाचे चार प्रकार पाडले: जातीवरून उपजातीकडे, उपजातीवरून जातीकडे, उपजातीवरून उपजातीकडे आणि प्रमाणावर बेतलेले. चौथ्याचे उदाहरण त्याचेच: मद्याचा देव डायोनायसस याला जसा प्याला तशी युद्धाचा देव अॅरीस याला ढाल, म्हणून ढालीला ‘अॅरीसचा प्याला’ म्हणता येते. मांडणी काटेकोर आहे, पण तिचे एकक शब्द आहे. एका वस्तूचे नाव दुसरीला दिले, झाले रूपक. वक्तृत्वाच्या शिक्षणात हीच चौकट टिकली आणि रूपक अलंकारांच्या यादीत जाऊन बसले. भाष्यकारही ओळीओळीने टिपा देत गेले. रिचर्ड जेब यांची १८८८ची ‘अँटिगनी’ची आवृत्ती घ्या. शिडाच्या दोरीचा अर्थ, इतर कवींतली समांतर स्थळे, व्याकरण, सगळे तिथे मिळते. आजही तिच्यावाचून चालत नाही. पण ७१५ची दोरी १८९च्या नावेची आहे, याने नाटकात काय घडते, हा प्रश्न त्या पद्धतीत मध्यवर्ती नव्हता.

वळण आले ते इंग्रजी साहित्याच्या अभ्यासातून. कॅरोलिन स्पर्जन यांनी १९३५मध्ये शेक्सपिअरच्या प्रतिमांची विषयवार मोजणी छापली. त्यावरून कवीच्या आवडीनिवडी ठरवण्याचा त्यांचा उद्योग फारसा पटण्याजोगा नाही, पण एकेका नाटकात प्रतिमांची कुळे असतात हे त्यांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षी डब्ल्यू. बी. स्टॅनफर्ड यांचे ग्रीक रूपकावरचे पुस्तक आले. आणि १९५१मध्ये केवळ ‘अँटिगनी’च्या प्रतिमांवर पुस्तक लिहिले रॉबर्ट गोहीन यांनी. मिशनरी कुटुंबातल्या गोहीन यांचा जन्म १९१९ साली आपल्या वेंगुर्ल्याचा; पुढे ते प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि १९७७ ते १९८० भारतात अमेरिकेचे राजदूत होते.

या वाचनात काय हाती लागते ते पैशाच्या प्रतिमांत नीट दिसते. २९५पासून क्रेऑन चांदीच्या नाण्याला शिव्या घालतो. प्रेतावरच्या पहारेकऱ्यांनी लाच खाल्ली अशी त्याची खात्री आहे. ४६१–६४मध्ये अँटिगनी त्याचाच हिशेबी शब्द उचलते: अवेळी मरण आले तर तो मी नफाच समजते. क्रेऑनच्या वहीत या नोंदीला जागाच नाही. १०३७–३९मध्ये तो टायरेसियसला सुनावतो: सार्डिसचा सोनेरुपे मिसळलेला धातू आणा, हिंदुस्थानचे सोने आणा, प्रेताला मूठमाती मिळणार नाही. समोरच्या माणसाचा हेतू त्याला किंमतीखेरीज कशातच मोजता येत नाही. जोखडाचेही तसेच: २९१मध्ये प्रजा मानेवर जू घेत नाही ही तक्रार, ४७७मध्ये छोट्या लगामाने वठणीवर येणारे घोडे आणि ५६९मध्ये अँटिगनीशी लग्न ठरलेल्या मुलासाठी ‘नांगरायला दुसरी शेते आहेत’.

स्वतः असे वाचायचे तर प्रत्येक प्रतिमेपुढे चार गोष्टी लिहाव्यात: ओळ, बोलणारा, ऐकणारा आणि प्रतिमा कुठल्या व्यवहारातून आली. बोलणारा गाळला की क्रेऑनची मते सोफोक्लीजच्या नावावर चढतात. ही चूक सर्रास होते. दुसरा खड्डा झिजलेल्या रूपकांचा. राज्य ‘हाकणे’ हे ग्रीकांच्याही रोजच्या बोलण्यात मुरले होते, त्यामुळे एकटे क्रियापद पुरावा ठरत नाही. शेजारी दोरी, बाक, लाट असे त्याच व्यवहारातले काही हवे. भाषांतरावरून मोजणी करणे तर व्यर्थच, कारण भाषांतरकार सोयीनुसार प्रतिमा गाळतात आणि स्वतःच्या घुसवतात.

अॅन लेबेक यांनी १९७१मध्ये इस्किलसच्या ‘ओरेस्टिया’ या तीन नाटकांच्या मालिकेची (इ.स.पू. ४५८) अशीच चिकित्सा केली. तिथे जाळ्याची प्रतिमा ट्रॉयवर टाकलेल्या जाळ्यापासून (‘अॅगमेम्नॉन’ ३५५–६१) राजा अॅगमेम्नॉनला ज्यात अडकवून मारले त्या वस्त्रापर्यंत (१३८२) पोचते, आणि दुसऱ्या नाटकात त्याचा मुलगा ओरेस्टीस ते वस्त्र प्रेक्षकांसमोर खरोखरच उलगडून दाखवतो. मात्र इस्किलसच्या नाटकांच्या, फ्लॉरेन्समधल्या सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितात ‘अॅगमेम्नॉन’च्या ३११–१०६६ आणि ११६०–१६७३ या ओळींची पाने गहाळ आहेत. १५१८च्या पहिल्या छापील आवृत्तीतही त्या नव्हत्या; संपादक वेत्तोरी यांनी १५५७मध्ये पूर्ण नाटक छापेपर्यंत जाळ्याच्या या दोन्ही जागा छापील पुस्तकात नव्हत्याच.