क्रूझच्या लॉयल्टी क्लबची मेंबरशिप: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज कुठे, कसा करायचा

पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रवाशांना जादा सोयी देणाऱ्या क्रूझ कंपन्यांच्या लॉयल्टी क्लबला फी नसते. उत्पन्नाची अट नाही, कंपनीचं क्रेडिट कार्ड घेण्याची सक्ती नाही. पैसे भरून त्या कंपनीच्या जहाजावर एक सफर पूर्ण केली की झालं. काही कंपन्या पहिल्या बुकिंगच्या वेळीच नंबर देतात, काही पहिल्या सफरीहून परतल्यावर. तरीही पहिल्या संध्याकाळी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरसमोर जी रांग लागते, तिच्यात केबिनच्या कार्डावर चुकीची लेव्हल, म्हणजे मेंबरशिपची पायरी, छापून आलेलं कुणीतरी हमखास असतं. कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं: मेंबरशिप नंबर बुकिंगला जोडलेलाच नव्हता, नाहीतर खात्यातलं आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नव्हतं. दोन्ही गोष्टी घरबसल्या दुरुस्त होतात, फक्त जहाज सुटण्याआधी.

पॉइंट कशाचे मिळतात

प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी आहे, आणि कोणता क्लब आपल्या कामाचा हे त्यावरच ठरतं. रॉयल कॅरिबियनचा क्लब म्हणजे क्राउन अँड अँकर सोसायटी. तिथे रात्री मोजतात. साध्या केबिनमध्ये एका रात्रीला १ पॉइंट, सूटमध्ये, म्हणजे मोठ्या आणि महागड्या केबिनमध्ये, २. एकट्या प्रवाशाने दोघांचं भाडं भरलं असेल, तर रात्रीमागे आणखी १. पहिली पायरी गोल्ड ३ पॉइंटला मिळते, मग ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल. सात रात्रींची सफर धरली तर साध्या केबिनमधून डायमंडला पोचायला बारा सफरी लागतात. सूटमध्ये एकट्याने राहणाऱ्याचं तेच काम २७ रात्रींत होतं. पिनॅकलसाठी साध्या केबिनमध्ये असे शंभर आठवडे काढावे लागतात, म्हणून त्याचा विचार सुरुवातीला करूच नये.

सेलिब्रिटीच्या कॅप्टन्स क्लबमध्ये केबिनच्या दर्जाप्रमाणे पॉइंट बदलतात. आतली किंवा खिडकीची केबिन असेल तर रात्रीला २, बाल्कनीला ३, आणि मोठ्या सूटमध्ये आकडा बराच वर जातो. प्रिन्सेसच्या कॅप्टन्स सर्कलमध्ये सफरींची संख्या किंवा समुद्रावरचे एकूण दिवस, यातलं जे तुम्हाला वर नेईल ते धरतात. सर्वात वरची एलिट पायरी १५ सफरी किंवा १५० दिवस पूर्ण झाल्यावर लागू होते. त्यामुळे छोट्या छोट्या सफरी करणाऱ्यालाही तिथे लवकर वर चढता येतं. डिस्नीच्या कॅस्टअवे क्लबमध्ये तर रात्रींचा हिशोबच नाही, नुसत्या सफरी मोजतात: पायऱ्या १, ५, १० आणि २५ सफरींवर. तीन रात्रींची सफर आणि दोन आठवड्यांची सफर तिथे सारखीच. हॉलंड अमेरिकाच्या मरिनर सोसायटीत दिवस मोजतात, पण जहाजावर केलेल्या खर्चातल्या दर ३०० डॉलरमागे एक दिवस जादा धरतात, आणि सूटमधले दिवस दुप्पट.

कार्निव्हलने जून २०२५ मध्ये जाहीर केलं की त्यांची जुनी रात्रींवरची पद्धत बंद होऊन पायरी खर्चावर ठरेल, आणि तीही ठरावीक दोन वर्षांतल्या खर्चावर. वर्षानुवर्षं स्वस्त केबिन घेऊन पॉइंट साठवणाऱ्यांना हे झोंबलं, आणि झोंबणारच होतं. यातून घ्यायचं ते इतकंच की कोणत्याही क्लबची नियमावली बुकिंगच्या दिवशी पुन्हा उघडून वाचायची. मागच्या सफरीची आठवण पुरावा म्हणून चालत नाही.

अर्ज आणि नंबर जोडणं

कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपमध्ये खातं उघडायचं. नाव, जन्मतारीख, पत्ता, ईमेल. नाव पासपोर्टच्या खालच्या भागात, त्या बाणांसारख्या खुणा असलेल्या दोन ओळींत जसं छापलंय तसंच लिहावं. एका बुकिंगला मधलं नाव घातलं आणि दुसऱ्याला गाळलं, की सिस्टीम दुसरं खातं उघडते आणि तुमचे पॉइंट दोन ठिकाणी विभागले जातात. मग दोन्हीकडे तुम्ही खालच्याच पायरीवर अडकता.

एजंटकडून बुकिंग करत असाल तर मेंबरशिप नंबर त्यांना लेखी द्या, आणि आलेल्या कन्फर्मेशनवर तो छापलाय का ते तपासा. फोनवर सांगितलेल्या नंबरातला एक आकडा इकडचा तिकडे झाला तर कुणाच्या लक्षात येत नाही. बोर्डिंग पास निघाल्यावर त्यावर पायरीचं नाव दिसतं. ते नसेल किंवा चुकीचं असेल, तर त्याच दिवशी फोन करावा. प्राधान्याने चेक-इन मिळणार की नाही, हे काउंटरवरचा माणूस त्या पासवर पाहूनच ठरवतो.

लग्नानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदललं असेल, तर दोन खाती एकत्र करण्याची विनंती करावी लागते. त्यासाठी दोन्ही मेंबरशिप नंबर, चालू पासपोर्टची प्रत आणि विवाह प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याचा सरकारी कागद, एवढं पुरतं. ही विनंती सफरीच्या आदल्या आठवड्यात करू नका. हे काम किनाऱ्यावरच्या ऑफिसात माणूस बसून करतो.

नवरा-बायको, मुलं, सोबतचे

पायरी माणसाची असते, केबिनची नाही. एकाच केबिनमध्ये डायमंड आणि गोल्ड असे दोन प्रवासी सहज असू शकतात. रॉयल कॅरिबियनमध्ये एकाच पत्त्यावर राहणाऱ्या पती-पत्नीला किंवा जोडीदाराला दोघांपैकी वरची पायरी लावून घेता येते, आणि १८ वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांची. पॉइंट मात्र प्रत्येकाचे स्वतःचेच राहतात. खाती जोडायची तर दोघांच्या खात्यात पत्ता अक्षरशः एकच हवा. फ्लॅट नंबर एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, एवढ्यावरही काम अडतं. विचारणा झाली तर दोघांचा पत्त्याचा पुरावा आणि मुलाचं आडनाव वेगळं असेल तर जन्मदाखला जवळ ठेवावा.

बाकी कंपन्या हे करतीलच असं धरून चालू नका. आणि केबिनमध्ये सोबत आलेल्या मित्राला तुमची पायरी लागत नाही. फार तर दोघांना एकत्र लवकर बोर्डिंग मिळेल.

पॉइंट आलेच नाहीत तर

सफर संपल्यावर पॉइंट लगेच दिसत नाहीत. दोनेक आठवडे थांबावं. त्यानंतरही आले नसतील, तर वेबसाइटवर राहिलेले पॉइंट मागण्याचा फॉर्म असतो, किंवा लॉयल्टी विभागाला ईमेल करता येतो. सोबत जहाजाचं नाव, सफर सुरू झाल्याची तारीख, बुकिंग नंबर, केबिन नंबर, मेंबरशिप नंबर आणि शेवटचं बिल द्यायचं.

या सगळ्यात ते शेवटचं बिलच सगळ्यात जास्त उपयोगी. पूर्वी शेवटच्या पहाटे ते केबिनच्या दाराखालून सरकवलं जायचं, आता बहुतेक ठिकाणी अ‍ॅपमध्ये किंवा ईमेलवर येतं. त्यावर तुमचं नाव, केबिन, सफरीच्या तारखा आणि जहाज एकाच कागदावर असतात. म्हणजे ‘हा माणूस या जहाजावर होता’ हे सिद्ध करायला दुसरं काही लागत नाही. अडचण अशी की सफर संपल्यावर जहाजाच्या वायफायवर चालणारा अ‍ॅपचा भाग बंद होतो आणि बिल दिसेनासं होतं. त्यामुळे उतरण्याआधी, नाश्त्याच्या रांगेत उभं असतानाच, त्याची पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर पाठवून द्यावी. जुन्या सफरींसाठी केबिनचं कार्ड आणि बॅगेला लावलेल्या टॅगचा फोटोसुद्धा कधीकधी चालून जातो.

अख्खं जहाज कुणी खासगी कार्यक्रमासाठी भाड्याने घेतलं असेल, तर त्या सफरीचे पॉइंट बऱ्याच कंपन्या देत नाहीत. बुकिंग करतानाच विचारून घ्या.

दुसऱ्या कंपनीतली पायरी इथे लावता येते का

काही ठिकाणी, हो. एमएससी या क्रूझ कंपनीचा व्हॉयेजर्स क्लब यासाठी ओळखला जातो. दुसऱ्या क्रूझ कंपनीतली किंवा हॉटेल साखळीतली पायरी दाखवली, तर तिच्या तोडीची पायरी ते देत आले आहेत. अर्ज ऑनलाइन आहे. दुसऱ्या क्लबच्या खात्याचा स्क्रीनशॉट लागतो, आणि त्यात नाव, मेंबरशिप नंबर आणि पायरी हे तिन्ही एकाच पानावर दिसायला हवं. नाव एका फोटोत आणि पायरी दुसऱ्यात असेल, तर अर्ज परत येतो. ही सोय एकदाच वापरता येते, म्हणून दुसऱ्या क्लबात सर्वात वरची जी पायरी मिळू शकते ती हातात आल्यावरच अर्ज करावा. मिळालेली पायरी कायमची नाही. तीन वर्षं एमएससीने प्रवास केला नाही तर मेंबरशिप संपते.

रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी या एकाच समूहातल्या कंपन्या आहेत आणि एकमेकींची पायरी मानतात. तिन्हीकडची खाती त्याच नावाने आणि त्याच जन्मतारखेने असली की काम सुरळीत होतं.

शेअर असतील तर वेगळा अर्ज

क्रूझ कंपनीचे शेअर असणाऱ्यांना मिळणारी ही सवलत लॉयल्टी क्लबची नाही, पण पुष्कळ जुन्या प्रवाशांना ठाऊकच नसते. कार्निव्हल कॉर्पोरेशनचे किमान १०० शेअर नावावर असतील, तर जहाजावर खर्च करायला रक्कम मिळते: ६ दिवसांपर्यंतच्या सफरीला ५० डॉलर, ७ ते १३ दिवसांना १०० आणि १४ किंवा जास्त दिवसांना २५०. ही केबिनमागे एकदाच मिळते. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका आणि क्युनार्ड याच समूहातल्या असल्याने तिथेही चालते. रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियनच्याही १०० शेअरच्याच योजना आहेत.

कागद म्हणून ब्रोकरचं ताजं स्टेटमेंट द्यायचं. त्यावर तुमचं नाव, कंपनीचं नाव, शेअरची संख्या आणि तारीख दिसली पाहिजे. खाते क्रमांक आणि बाकीची गुंतवणूक काळी करून पाठवा, त्यांना त्याच्याशी देणंघेणं नाही. सोबत बुकिंग नंबर, जहाज आणि तारीख. सफरीच्या किमान तीन आठवडे आधी अर्ज पोचायला हवा. कॅसिनोत ही रक्कम वापरता येत नाही. केवळ यासाठी शेअर विकत घ्यायला मात्र जाऊ नका. ५० डॉलरच्या सवलतीपायी शेअरच्या भावातली घसरण अंगावर घेण्यात शहाणपण नाही.

पार्ट्या, जेवणं आणि भेटीगाठी

यांना वेगळा अर्ज नसतो. बोर्डिंगच्या दिवशी सिस्टीममधून मेंबरांची यादी निघते आणि तिच्यावरून आमंत्रणं जातात. कुठे केबिनच्या दाराबाहेरच्या खाचेत कार्ड येतं, कुठे अ‍ॅपमध्ये सूचना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीच आलं नाही, तर लॉयल्टीचं डेस्क गाठावं. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर त्यासाठी लॉयल्टी अ‍ॅम्बेसेडर असतो. तिथे लेव्हल दुरुस्त होऊन आमंत्रण मिळू शकतं. राहिलेले जुने पॉइंट मात्र जहाजावर जमा होत नाहीत, ते काम किनाऱ्यावरच्याच ऑफिसचं.

जुन्या प्रवाशांच्या स्वागताची पार्टी बहुतेकदा बंदर नसलेल्या दिवशी, जेवणाआधी ठेवलेली असते. वेटर ट्रे घेऊन फिरतात, कॅप्टन चार अधिकाऱ्यांची ओळख करून देतो, सर्वात जास्त दिवस प्रवास केलेल्यांची नावं पुकारली जातात, आणि मग पुढच्या सफरीच्या बुकिंगचं भाषण सुरू होतं. इंजिनविषयी काही विचारायचं असेल तर भाषणाआधी चीफ इंजिनिअरला गाठावं, नंतर तो सापडत नाही. प्रिन्सेसमध्ये सर्वात जास्त दिवस प्रवास केलेल्या मोजक्या पाहुण्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम असतो. हॉलंड अमेरिकात मरिनर मेंबरांच्या कार्यक्रमात १०० दिवसांना कांस्य, ३०० ना रौप्य, ५०० ना सुवर्ण आणि ७०० ना प्लॅटिनम पदक देतात. वयस्कर जोडपी त्यासाठी ठेवणीतले कपडे घालून येतात.

माझं मत विचाराल तर पार्टीपेक्षा रोजच्या सोयी मोलाच्या. प्रिन्सेसच्या एलिट मेंबरांचे कपडे फुकट धुऊन मिळतात. कपाटातली पिशवी भरायची, फॉर्मवर कपडे मोजून लिहायचे आणि पलंगावर ठेवून द्यायची. दोन आठवड्यांच्या सफरीला बॅग निम्म्यावर येते. रॉयल कॅरिबियनमध्ये डायमंडला रोज ४, डायमंड प्लसला ५ आणि पिनॅकलला ६ पेयं केबिनच्या कार्डावर जमा होतात. आज राहिलेली उद्या वापरता येत नाहीत.

प्रवाशांनी स्वतः जमवलेल्या भेटीगाठींना कंपनी जागा देते, कधी एखादा अधिकारीही पाठवते. त्यासाठी आयोजकाने काही आठवडे आधी कंपनीला कळवून नाव नोंदवणाऱ्या केबिनींची यादी द्यायची असते, आणि ठरावीक संख्या भरली तरच हॉल मिळतो. एकट्याने आलेल्यांची भेट किंवा दारू सोडलेल्यांसाठीची ‘फ्रेंड्स ऑफ बिल डब्ल्यू’ बैठक यांना ना पायरी लागते ना नोंदणी. दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत वेळ आणि डेक छापलेला असतो, तिथे जाऊन बसायचं. रीजेंट सेव्हन सीजच्या जहाजांवर तर पहिल्यांदा आलेल्यालाही शेजाऱ्यांच्या पार्टीत जागा असते. ठरलेल्या वेळी सगळे ग्लास घेऊन आपापल्या सूटच्या दाराशी, कॉरिडॉरमध्ये येऊन उभे राहतात.