रानमोडीचे नाव का बदलले? युपॅटोरियम ते क्रोमोलिना

कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर माजलेली रानमोडी जुन्या पुस्तकांत ‘युपॅटोरियम ओडोरॅटम’ म्हणून सापडते, तर नव्या पुस्तकांत ‘क्रोमोलिना ओडोरॅटा’ म्हणून. झुडूप तेच आहे. नावे बदलण्याचा हा खेळ वनस्पतिशास्त्रज्ञ हौसेने खेळतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. निदान या झुडपाच्या बाबतीत तरी ती खरी नाही.

आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने 1753 साली युपॅटोरियम ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली आणि 1759 मध्ये रानमोडीला तिच्यात जागा दिली. कसोटी साधी होती. सूर्यफुलाच्या कुळातली वनस्पती, पण फुलोऱ्याच्या कडेला पाकळीसारखी दिसणारी पुष्पके (फुलोऱ्यातली इवली फुले) नाहीत. सगळी पुष्पके नळीसारखी आणि प्रत्येकातून बाहेर डोकावणारे किंजलाचे, म्हणजे स्त्रीकेसराचे, दोन लांब धागे. एवढे जुळले की बहुतेक वेळा वनस्पतीची रवानगी युपॅटोरियममध्ये होई. पुढे अमेरिका खंडातून नमुन्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे युरोपात येत राहिले आणि या प्रजातीत सुमारे 1,200 जाती जमा झाल्या. हिमालयातले युपॅटोरियम आणि ब्राझीलच्या माळावरचे झुडूप एकाच घरचे ठरले.

मधल्या काळात घर वेगळे करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. द कांडोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने 1836 मध्ये क्रोमोलिना ही प्रजाती वेगळी काढली, पण रानमोडीला मात्र त्याने युपॅटोरियममध्येच ठेवले. 1866 मध्ये शुल्ट्झ याने तिला ‘ऑस्मिया’ या तिसऱ्याच प्रजातीत नेले. 1873 मध्ये जॉर्ज बेंथमने हे सगळे पुन्हा युपॅटोरियममध्ये मिसळून टाकले. बेंथम आणि हुकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मांडणीचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वनस्पतिशास्त्रावर एवढा पगडा होता की आपल्याकडे विसाव्या शतकात बराच काळ तेच नाव रूढ राहिले.

खरा बदल घडवला वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या रॉबर्ट किंग आणि हॅरॉल्ड रॉबिन्सन या जोडीने. रॉबिन्सन मॉस वनस्पतींचेही अभ्यासक होते. इवलेसे भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची त्यांना सवय होती. दोघांनी वाळलेल्या नमुन्यांतली पुष्पके उघडून किंजलाचा तळ, परागकोशाखालच्या पेशी, फळाचा देठाशी जुळणारा भाग असे तपशील तपासले. खऱ्या युपॅटोरियममध्ये किंजलाचा तळ फुगीर आणि केसाळ असतो. रानमोडीत तो गुळगुळीत असतो, फुगलेला नसतो. 1970 मध्ये त्यांनी रानमोडी क्रोमोलिनात हलवली. निलगिरीच्या डोंगरांत पसरलेले तिचे भावंड त्याच साली ‘एजरॅटिना’त गेले. युपॅटोरियममध्ये उरल्या जेमतेम 45 जाती. पुढे 1987 मध्ये दोघांनी या संपूर्ण गटाचा ग्रंथच प्रसिद्ध केला.

अनेकांना हे पटले नाही. रानात उभे राहून ओळखता येत नाही ती प्रजाती काय कामाची, हा त्यांचा आक्षेप मला आजही रास्त वाटतो. पण क्रोमोलिनाच्या बाबतीत तो पूर्णपणे लागू पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत रानमोडीचा एक स्तबक, म्हणजे पुष्पकांचा एक गुच्छ, तोडून हातात घ्या. तो नळकांड्यासारखा असतो, जेमतेम सेंटिमीटरभर लांब, आणि त्यावर फिकट छदांच्या (खवल्यांसारख्या पानांच्या) ओळी कौलांसारख्या एकीवर एक चढलेल्या दिसतात. बिया उडून गेल्या की हे छदही गळतात आणि उघडा तळ राहतो. यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही, फार तर साधे भिंग. 2000 साली डीएनएच्या अभ्यासानेही युपॅटोरियमची आखूड व्याख्याच उचलून धरली.

आज क्रोमोलिनात सुमारे 165 जाती मानतात आणि त्या सगळ्या मूळच्या अमेरिका खंडातल्या. म्हणजे एकोणिसाव्या शतकात शोभेचे झाड म्हणून भारतात आलेल्या रानमोडीला इथे सख्खे असे कुणीच नाही. तिला आवर घालण्यासाठी तिच्यावर सोडायचा कीटक आपल्या झाडांना खाईल का, हे तपासताना आधी जवळच्या नातलगांवर चाचणी घेतात. नाते चुकीचे मांडलेले असेल, तर चाचणीची यादीही चुकते.

वर्गीकरणाचे काम मात्र इथे संपलेले नाही. भारतात आणि पश्चिम आफ्रिकेत पसरलेली रानमोडी केसाळ खोडाची, फिकट जांभळट फुलांची असते. दक्षिण आफ्रिकेतली गुळगुळीत खोडाची, पांढऱ्या फुलांची आहे. खोडावर गाठी करणारी सेसिडोकारिस माशी इंडोनेशियात चांगली रुजली आणि 2005 मध्ये भारतातही सोडली गेली, पण दक्षिण आफ्रिकेतल्या रूपावर तिची वाढच होईना. वर्गीकरणात दोन्ही रूपांना अजून एकच नाव आहे. त्यांना वेगळा दर्जा द्यायचा की नाही, हे तज्ज्ञ ठरवतील. पण निदान वनखात्याच्या आणि हर्बेरियमच्या (वाळलेल्या नमुन्यांच्या संग्रहाच्या) नोंदीत खोडावरचे केस आणि फुलाचा रंग न चुकता लिहिला गेला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.