बारीचे वाघ-सिंह: फ्रेंच प्राणिशिल्पांची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या कलाजगतात विषयांची उतरंड पक्की होती. पुराणे, इतिहास आणि धर्म वर, जनावरे तळाशी. घोडा शिल्पात यायचा तो बहुधा राजाला पाठीवर घेऊन. ही उतरंड शिल्पकार आंत्वान-लुई बारी (१७९५–१८७५) याने मोडली.

बारी सोनाराचा मुलगा. फोकोनिए नावाच्या सोनाराकडे काम करत असताना तो जार्दां दे प्लांत या पॅरिसच्या वनस्पती-उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयात जाऊन बसे. चित्रकार देलाक्रवाही तिथे येई. एखादे जनावर मेले की दोघे धावत जात, चिरफाड पाहत, रेखाटने करत. बारी तर हाडान् हाड मोजून टिपून ठेवी. सलों म्हणजे पॅरिसचे अधिकृत कलाप्रदर्शन, परीक्षक निवडतील तीच कामे तिथे लागत. १८३१ च्या सलोंमध्ये त्याने सुसरीला फाडणारा वाघ मांडला. गंगेकाठची ही झुंज त्याने पाहिलेली नव्हती, ती कल्पनेतलीच. तरी वाघाच्या खांद्यातला ताण खरा वाटतो, तो या मोजमापांमुळे. १८३३ मध्ये सापाला पंजाखाली दाबणारा सिंह आला. तो पुढे ब्राँझमध्ये ओतून पॅरिसच्या त्विलरी बागेत बसवला गेला.

मग राजाचा थोरला मुलगा, ऑर्लेआँचा ड्यूक, याने मेजवानीच्या टेबलासाठी शिकारीचे शिल्पसमूह करून घेतले. १८३७ मध्ये सलोंने ते नाकारले. सोनारकाम ते, शिल्प नव्हे, असा आक्षेप होता. बारीने बरीच वर्षे सलोंकडे पाठ फिरवली आणि स्वतःची ओतशाळा चालवून लहान ब्राँझ थेट गिऱ्हाइकांना विकू लागला. माझ्या मते या कलेचे खरे वळण हेच. राजवाड्याऐवजी मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात ती गेली, ती या नकारामुळे. बारीला मात्र हा धंदा झेपला नाही. १८४८ मध्ये तो कर्जात बुडाला आणि ज्यांवरून प्रती ओतल्या जात ते त्याचे मूळ नमुने सावकाराच्या ताब्यात गेले.

मागणी वाढली तशी वाळूच्या साच्यात तुकड्यातुकड्यांनी ओतायची पद्धत रुळली. जोड बुजवणे, छिन्नीने केस न् केस उठवणे आणि शेवटी रसायनांनी रंग चढवणे हे कारागिरांचे काम. मूळ शिल्पाची हुबेहूब छोटी प्रत काढणारे कोलासचे यंत्रही १८३० च्या दशकातलेच. बारीसारखीच प्राणिशिल्पे करणाऱ्या पिएर-ज्यूल मेनने घोडे आणि शिकारी कुत्रे घडवले. टीकाकार या प्राणिशिल्पकारांना हिणवून ‘आनिमालिए’, म्हणजे जनावरंवाले, म्हणत.

१८५४ मध्ये बारी निसर्ग-इतिहास संग्रहालयात प्राणी-रेखाटनाचा प्राध्यापक झाला. पुढे नामांकित शिल्पकार झालेला तरुण रोदाँ तिथे त्याच्याकडे शिकला. बारीच्या मृत्यूनंतर १८७६ च्या लिलावात ब्राँझ ओतणाऱ्या बार्बेदिएन कंपनीने त्याचे अनेक नमुने घेतले आणि पुढची कित्येक वर्षे त्यांच्या प्रती ओतल्या. म्हणूनच त्याच्या हयातीत ओतलेली प्रत आणि नंतरची प्रत यांत संग्राहक आजही काटेकोर फरक करतात.