मळभ आणि भरून आलेलं आभाळ: ब्लॅक अँड व्हाइट काढताना गल्लत कुठे होते

पावसाळा लागला की आपल्या खानदेशातले फोटोवाले म्हणतात ढगाळ आहे, चला ब्लॅक अँड व्हाइट काढू, आणि कॅमेरा घेऊन तोरणमाळला नाहीतर धुळ्याजवळच्या लळिंगला निघतात, मीही त्यातलाच. पण ढगाळ म्हणजे नक्की कसलं ढगाळ हे कुणी बघत नाही. आपल्याकडे त्याला आधीपासून दोन वेगळे शब्द आहेत, मळभ आणि आभाळ भरून येणं, आणि कॅमेऱ्याच्या हिशोबाने ही दोन इतकी वेगळी आहेत की एकाचं सेटिंग दुसऱ्याला लावलं तर चक्कर फुकट.

मळभ म्हणजे झड लागते तेव्हाचं, किंवा हिवाळ्यात समुद्रात कुठेतरी वादळ होतं आणि इकडे दोन-तीन दिवस सूर्य दिसत नाही, कापूस वेचायचा राहिलेला माणूस वर बघून शिव्या देत असतो, ते. सगळं आभाळ एकसारखं पांढरट, गोधडी ओढल्यासारखं, ढगाला कडाच नाही. आणि भरून आलेलं म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी दुपारी एका बाजूने काळंनिळं चढत येतं आणि आजी "आभाय उनं" (आभाळ आलं) करत गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, गोळा करायला पळते, ते. त्यात ढगांना आकार असतो, मध्ये फटी असतात, कुठेतरी ऊन शिल्लक असतं.

ओळखायचं कसं? स्वतःची मूठ समोर धरा. मुठीची एक बाजू जरा तरी जास्त काळी दिसली तर उजेड कुठूनतरी येतोय, म्हणजे आभाळ भरून येतंय. सगळीकडून सारखीच दिसली तर मळभ. बस.

आता मीटरची गंमत. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर जे समोर येईल ते मधल्या राखाडीवर आणून ठेवतो, त्याला आभाळ कळत नाही की वावर कळत नाही. मळभात अर्धी फ्रेम आभाळाला दिली की तो पांढरं आभाळ राखाडी करतो आणि खाली काळी माती, बांध, बाभळी सगळा चिखल. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनच्या बटणाने एक स्टॉप वाढवायचा, म्हणजे उजेड दुप्पट, कधी त्याहून थोडा जास्त. भरून आलेल्यात बरोबर उलटं, फ्रेमभर काळा ढग असला की मीटर तो उजळायला बघतो, आणि खाली ज्या पट्ट्यावर ऊन पडलंय तो पट्टा जळून जातो. काळा ढग काळाच यायला हवा ना भो! तिथे एक स्टॉप कमी.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते लाल फिल्टरमध्ये. लाल फिल्टर लावला की आभाळ नाट्यमय होतं असं कुठेतरी वाचलेलं असतं, पण तो निळा रंग अडवतो म्हणून आभाळ काळं पडतं, आणि मळभात निळं असतंच कुठे? मी लळिंगच्या किल्ल्यावर हा शहाणपणा केलेला आहे. १०० ची फिल्म, एफ ११, मळभामुळे शटर आधीच १/२५ च्या आसपास, त्यावर २५ नंबरचा लाल फिल्टर, तो तीन स्टॉप खातो, म्हणजे सरळ १/३ सेकंद. आभाळ होतं तसंच पांढरं राहिलं आणि वर वाऱ्याने गवताचा लगदा झाला तो वेगळाच. भरून येताना मात्र ढगांच्या फटीतून निळं दिसत असेल तर हाच फिल्टर सोनं आहे, डिजिटलवाल्यांनी रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली रंगीत फाइल, काढून नंतर निळा स्लायडर खाली ओढला तरी जवळपास तेच.

मळभात फिल्टर लावायचाच तर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिरता फिल्टर. हे ऐकून लोक हसतात, पण रावेरकडच्या केळीच्या बागेत ओल्या दिवशी जाऊन बघा. केळीच्या पानावर आभाळाचा पांढरा तकाकीचा थर असतो, फिल्टर फिरवत गेलं की तो सरकत सरकत जातो आणि खालून पानाच्या मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत गेलेल्या बारीक रेषा, वाऱ्याने फाटलेल्या चिंध्या, चिंधीच्या टोकाला लोंबणारा थेंब, सगळं दिसायला लागतं. नंतर हिरवा-पिवळा स्लायडर थोडा वर केला की पान उजळतं आणि मागची ओली माती काळीच राहते. असा फोटो कडक उन्हात मिळत नाही, कारण पान एकीकडे जळतं आणि सावली एकीकडे बुडते.

म्हणजे मळभात आभाळ फ्रेममधून जमेल तेवढं हाकलायचं आणि खाली बघायचं. धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून भिंतीसारखे वर आलेले काळ्या दगडाचे लांब कणे आहेत ना, ज्यांना भूगर्भवाले डाइक म्हणतात, ते पावसाने भिजले की मळभात शाईची रेघ ओढल्यासारखे येतात. चांगदेवला पूर्णा-तापीच्या संगमावर तर पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं होतं, मध्ये फक्त होडी उरते, तिथे आभाळ ठेवलं तरी चालतं, पण ती एक सूट. भरून आलेल्यात आभाळच फोटो असतो, जमीन खाली पट्टीएवढी पुरे.

एडिटिंगमध्ये मळभाचा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळं-पांढरं किती त्याचा आलेख, मध्येच उंटाच्या कुबडासारखा बसलेला असतो, तो काळ्या-पांढऱ्या टोकांपर्यंत हळू ताणायचा. क्लॅरिटी (कडा उठावदार करणारा स्लायडर) शंभरवर नेऊन सातपुड्याच्या कडेला पांढरी किनार आणू नका, कृपा करा. भरून आलेल्या आभाळाला एवढी मेहनत लागतच नाही, कॉन्ट्रास्ट आधीच असतो.

गोंधळ होतो तो संध्याकाळी, मळभ पश्चिमेकडून फाटायला लागतं तेव्हा. पाच-दहा मिनिटांत एकाचं दुसरं होतं. मागच्या वेळी कॉम्पेन्सेशनच्या बटणावर दिवसभराचं प्लस वन, म्हणजे वाढवलेला एक स्टॉप, तसंच राहिलं आणि कपाशीवर पडलेल्या उन्हाच्या आठ फ्रेम कोऱ्या कागदासारख्या आल्या. आता फट दिसली की आधी ते बटण शून्यावर, मग मान वर.