श्टुडेंटेनफेरबिंडुंग: जर्मन विद्यार्थी संघटनांच्या परंपरा आणि रीतीरिवाज

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या जर्मन भाषिक भागात युनिव्हर्सिटीच्या गावांमध्ये विद्यार्थ्यांच्या ज्या जुन्या संघटना आहेत त्यांना श्टुडेंटेनफेरबिंडुंग म्हणतात, बोलताना नुसतं फेरबिंडुंग. प्रत्येकीचं आपलं घर असतं, आपले रंग, आपलं बोधचिन्ह, आपली गाणी आणि आपले लिखित नियम. अमेरिकन फ्रॅटर्निटीशी त्यांची गल्लत बरेच जण करतात, पण इथे ग्रीक अक्षरांची नावं नसतात, बहुतेक नावं जुन्या प्रदेशांवरून लॅटिन वळणाने केलेली आहेत, म्हणजे साक्सोनिया, बोरुसिया, बव्हारिया, रेनानिया वगैरे, कारण अठराव्या शतकात घरापासून लांब शिकायला आलेली पोरं आपापल्या मुलखाच्या पोरांबरोबर गट करून राहायची आणि पुढच्या संघटना बऱ्याच अंशी त्यातूनच वाढल्या.

टोप्या, पट्टे, तलवारी, बिअर असं सगळं बाहेरून दिसतं आणि लोक तेवढंच बघतात. पण यातली जवळजवळ प्रत्येक रीत एका गोष्टीभोवती फिरते, ती म्हणजे लेबन्सबुंड, आयुष्यभराचं बंधन. एकदा आत गेलं की डिग्री मिळाली म्हणून मेंबरशिप संपत नाही, माणूस मरेपर्यंत मेंबर राहतो. नोकरीला लागलेल्या जुन्या मेंबराला आल्टर हेर म्हणतात, आणि घर बहुतेक वेळा या आल्टर हेर लोकांच्या संस्थेच्या मालकीचं असतं, वर्गणीही मुख्यतः तेच भरतात, म्हणून शिकणाऱ्या पोरांना गावाच्या मानाने खूप स्वस्तात रूम मिळते. ती पोरं पुढे कमवायला लागली की तीच पुढच्या पिढीसाठी पैसे भरतात. आणि सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, 20 वर्षांचा पोरगा 80 वर्षांच्या रिटायर्ड जजला सुद्धा, आणि अनोळखी मोठ्या माणसाला अरे-तुरे करणं जर्मन समाजात किती अवघड असतं हे माहीत असेल तर ही सवलत केवढी मोठी आहे ते कळेल.

नवीन आलेला पोरगा आधी फुक्स होतो, साधारण एक-दोन सेमेस्टर. फुक्समायोर नावाचा पदाधिकारी त्यांना शिकवतो, संघटनेचा इतिहास, युनिव्हर्सिटीचा इतिहास, गाणी, टेबलावर कसं वागायचं, सगळंच. शिवाय प्रत्येक फुक्स एका सीनियरला आपला लाइबबुर्श म्हणून निवडतो, हा त्याचा थोरल्या भावासारखा असतो, अभ्यासात, घरच्या भानगडीत, प्रेमप्रकरणात सल्ला द्यायचा तो त्यानेच. मग परीक्षा होते आणि फुक्सचा बुर्श होतो, म्हणजे पूर्ण मेंबर, मतदानाच्या हक्कासकट. पदं दर सेमेस्टरला निवडणुकीने भरतात आणि निर्णय कोन्व्हेंट नावाच्या सभेत होतात, तिथे तासन्‌तास वाद चालतात. दोन-तीन वर्षं धावपळ केली की बुर्श इनअॅक्टिव्ह होतो आणि अभ्यास उरकायला मोकळा होतो. विसाव्या वर्षी सभा चालवणं, हिशोब ठेवणं, भाषण करणं हे सगळं इथे करावंच लागतं, आणि माझ्या मते या संघटनांनी पोरांना दिलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे.

रंगांना कुलॉर म्हणतात. छातीवरून तिरका जाणारा पट्टा, उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे, आणि डोक्यावर टोपी. फुक्सचा पट्टा बहुतेक ठिकाणी दोन रंगांचा, बुर्श झाला की तीन रंगांचा. सही करताना नावापुढे त्सिर्केल काढतात, म्हणजे एकात एक गुंफलेली अक्षरं, त्यात संघटनेच्या नावाचं पहिलं अक्षर आणि जगो, वाढो, बहरो या अर्थाच्या तीन लॅटिन शब्दांची आद्याक्षरं, शेवटी उद्गारचिन्ह. लाइबबुर्श आणि त्याचा फुक्स एकमेकांना त्सिप्फेल देतात, हे रंगीत रिबिनीचे छोटे तुकडे, धातूच्या क्लिपमध्ये बसवलेले, मागे नाव आणि तारीख कोरलेली, आणि लोक ते आयुष्यभर जपतात. सगळे रंग मात्र घालत नाहीत, काही संघटना तत्त्व म्हणूनच पट्टा-टोपी वापरत नाहीत.

संध्याकाळच्या बैठकीला क्नाइपे म्हणतात आणि ती नुसती पार्टी नसते. टेबलं मांडलेली, एका टोकाला सीनियर म्हणजे संघटनेचा अध्यक्ष बसतो, हातात तलवार, टेबलावर ती आपटून सिलेंसियुम म्हणून ओरडला की सगळे गप्प. मग गाणी, भाषणं, मधे गप्पांसाठी सुट्टी, परत गाणी. गाण्यांच्या जाड पुस्तकाला, कोमर्सबूखला, पुठ्ठ्यावर धातूचे खिळे असतात म्हणजे सांडलेल्या बिअरमध्ये पुस्तक भिजत नाही. कुणाचा सन्मान करायचा तर झालामांडर करतात, म्हणजे कमांडवर सगळे ग्लास टेबलावर घासतात, पितात आणि एकदम खाली ठेवतात. मोठ्या, औपचारिक क्नाइपेला कोमर्स म्हणतात, तो वर्धापनदिनाला होतो, त्याला पदाधिकारी फोलविक्स नावाच्या पूर्ण पोशाखात येतात, उंच बूट, पांढरी विजार, झालर लावलेला कोट आणि तलवार. काही ठिकाणी लांडेसफाटर हा जुना विधी अजून होतो, गाणं म्हणत प्रत्येकाची टोपी तलवारीच्या टोकाने भोसकून पात्यावर ओवतात आणि मैत्रीची शपथ घेतात, भोकाची ती टोपी मग अभिमानाने घालतात. मेंबर वारला तर हीच फोलविक्समधली पोरं झेंडा घेऊन दफनविधीला जातात आणि कबरीवर झेंडा झुकवतात.

पिण्याची सक्ती हा जुना आणि खरा आक्षेप आहे. बऱ्याच संघटनांमध्ये आता पाणी किंवा लिंबू सरबत घेऊन बसलं तरी चालतं, पण हे घराघरावर अवलंबून आहे.

सगळ्यात जास्त बोललं जातं ते मेन्झूरबद्दल. ही धारदार तलवारीने होणारी दोघांची झुंज, दोघे वेगवेगळ्या संघटनांचे, समोरासमोर ठरलेल्या अंतरावर उभे, पाय हलवायचा नाही, मागे सरकायचं नाही, डोकंही मागे घ्यायचं नाही. डोळ्यांवर आणि नाकावर जाळीचा धातूचा चष्मा, मान, छाती, हात जाड संरक्षणात, उघडं राहतं ते डोकं आणि चेहऱ्याचा काही भाग. वार ठरलेल्या संख्येने, छोट्या छोट्या फेऱ्यांमध्ये. शेजारी दोन सेकंदांट म्हणजे प्रत्येकाचा एक मदतनीस, आणि डॉक्टर कायम हजर, जखम झाली तर तिथेच टाके. यात कुणी जिंकत नाही की हरत नाही, म्हणून याला खेळ म्हणता येत नाही, आणि अपमानाचा बदलाही नसतो म्हणून द्वंद्वयुद्धही नाही, भीती वाटत असताना जागेवर उभं राहता येतं का आणि आपल्या लोकांसाठी ते करतो का एवढंच बघतात. गालावर राहणारा व्रण म्हणजे श्मिस, कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या काळात तो वरच्या वर्गातला असल्याची खूण मानली जायची. पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी कोर्टाने 1953 साली ठरवलं की दोघांच्या संमतीने, संरक्षण घेऊन केलेली अशी मेन्झूर हा गुन्हा नाही.

पण सगळे तलवार चालवत नाहीत, हे नीट लक्षात ठेवायला हवं. कोर नावाच्या संघटनांमध्ये ती सक्तीची आहे, तशीच कोबुर्गर कोन्व्हेंट या महासंघातल्या लांड्समानशाफ्ट आणि टुर्नरशाफ्ट नावाच्या संघटनांमध्ये. डॉयचे बुर्शेनशाफ्ट या महासंघाने 1971 मध्ये सक्ती काढून निर्णय त्या त्या संघटनेवर सोडला. कॅथलिक संघटना मेन्झूर करतच नाहीत, चर्चचाच त्याला विरोध होता, त्यांचा मोठा महासंघ कार्टेलफेरबांड 1856 चा, धर्म, विद्या, मैत्री आणि मातृभूमी ही त्याची चार तत्त्वं. प्रोटेस्टंट वळणाच्या विंगोल्फनेही ती सुरुवातीपासून नाकारली.

राजकारणाचा भाग मोठा आणि गुंतागुंतीचा आहे. नेपोलियनविरुद्ध लढून परतलेल्या विद्यार्थ्यांनी 12 जून 1815 ला येना इथे पहिली बुर्शेनशाफ्ट काढली, छोट्या छोट्या राज्यांत विभागलेला देश एक व्हावा आणि लोकांना हक्क मिळावेत ही मागणी. ऑक्टोबर 1817 मध्ये आयझेनाखजवळच्या वार्टबुर्ग किल्ल्यावर सुमारे 500 विद्यार्थी जमले, तिथे नावडत्या पुस्तकांची प्रतीकात्मक होळीही झाली. आजच्या जर्मन झेंड्याचे काळा, लाल, सोनेरी हे रंग याच चळवळीतून आले. मग 1819 साली कार्ल लुडविग सांड या बुर्शेनशाफ्टच्या विद्यार्थ्याने लेखक कोत्सेबूचा मानहाइममध्ये खून केला आणि ऑस्ट्रियाचा मंत्री मेटरनिख याने कार्ल्सबाडच्या ठरावांनी बुर्शेनशाफ्टवर बंदी आणली, सेन्सॉरशिप आणली. म्हणजे एकेकाळी राज्यकर्ते ज्यांना घाबरायचे ती ही पोरं होती. 1871 च्या एकीकरणानंतर चित्र उलटं झालं, चान्सलर बिस्मार्क स्वतः ग्योटिंगनच्या हानोवेरा कोरचा, कैसर विल्हेल्म दुसरा बॉनच्या बोरुसिया कोरचा, आणि संघटना सत्तेच्या जवळ जाऊन बसल्या.

ज्यूविरोधाचा इतिहास तर लपवूच नये. पुढे झायोनिस्ट चळवळ उभी करणारा थिओडोर हर्झल व्हिएन्नातल्या आल्बिया बुर्शेनशाफ्टमध्ये होता, तिथल्या ज्यूद्वेषामुळे त्याने 1883 मध्ये संघटना सोडली. ब्रेस्लाऊमध्ये 1886 साली ज्यू विद्यार्थ्यांनी स्वतःची व्हियाड्रिना काढली. 1920 मध्ये डॉयचे बुर्शेनशाफ्टने ज्यूंना मेंबर करायचं नाही असा ठराव केला, हे हिटलर सत्तेवर यायच्या 13 वर्षं आधी. मग नाझींनी स्वतंत्र संघटनाच नको म्हणून यांनाही 1930 च्या दशकात मोडीत काढलं. युद्धानंतर पश्चिमेत 1950 च्या आसपास त्या परत उभ्या राहिल्या, पूर्व जर्मनीत बंदी होती, 1990 च्या एकीकरणानंतर कित्येक संघटना येना, लाइपझिग, हालेला परतल्या.

मुलींच्या संघटना तुलनेने कमी आणि तरुण आहेत. मुलींना युनिव्हर्सिटीत रीतसर प्रवेशच बाडेनमध्ये 1900 ला आणि प्रशियात 1908 ला मिळाला, तरी बॉनमध्ये 1899 मध्ये हिलारितास नावाची संघटना निघाली होती. आजच्या डामेनफेरबिंडुंगमध्ये पट्टा, फुक्सचा काळ, क्नाइपे, आयुष्यभराचं बंधन सगळं आहे, मेन्झूर नाही, आणि जुन्या मेंबरांना होहे डामे म्हणतात. मुलं-मुली एकत्र असलेल्या संघटनाही आहेत, पण जुन्या महासंघांपैकी बहुतेकांनी दार अजून पुरुषांपुरतंच ठेवलंय, आणि 2020 च्या दशकात याचं पटेल असं कारण मला दिसत नाही.

हायडेलबर्गला गेलात तर कार्त्सर जरूर बघा, हा युनिव्हर्सिटीचा स्वतःचा तुरुंग, 1914 पर्यंत वापरात, दंगा करणाऱ्या विद्यार्थ्यांना पोलिसांऐवजी इथे ठेवायचे आणि त्यांनी भिंती-छतं टोप्या, त्सिर्केल आणि चेहऱ्यांच्या छायाकृतींनी रंगवून टाकलीत.

पुण्या-मुंबईहून आखेन, डार्मश्टाट, म्युनिकला एमएस करायला जाणाऱ्या आपल्या पोरांचा यांच्याशी संबंध येतो तो रूम शोधताना. मोठं घर, मस्त बाग, भाडं फारच कमी, फक्त पुरुष विद्यार्थी हवेत, अशी जाहिरात दिसली की ती बहुधा फेरबिंडुंगची असते. रूम घेताना मेंबर होणं अपेक्षित आहे का, मेन्झूर सक्तीची आहे का आणि संघटना कुठल्या महासंघात आहे हे तीन प्रश्न सरळ विचारावेत. कोर संघटना देश, धर्म, राजकीय मत बघत नाहीत असं त्यांचं घोषित तत्त्व आहे, कार्टेलफेरबांडमध्ये कॅथलिक असावं लागतं. डॉयचे बुर्शेनशाफ्टमध्ये 2011 साली चिनी आईबापांच्या पण जर्मनीत वाढलेल्या मेंबरवरून, जर्मन वंशाचाच माणूस घ्यायचा का, असा वाद पेटला होता, त्यानंतर अनेक संघटना बाहेर पडल्या आणि 2016 मध्ये त्यातल्या काहींनी आल्गेमाइने डॉयचे बुर्शेनशाफ्ट हा वेगळा महासंघ काढला.